फरशीवरचा बॉयलर

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. सकाळचे आठ वाजले असतील. फोनवर त्यांचा मुलगा मल्लिनाथ होता. "बाई, अण्णा लिंगैक्य झाले. चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि..." मी गॅस बंद केला, पायात चपला अडकवल्या आणि समोरच्या घरी पळाले. कढई उतरवायची राहूनच गेली. संध्याकाळी परत आले तर तापलेल्या लोखंडात दाणे काळेठिक्कर पडले होते. ते बघून अण्णांचं एक वाक्य आठवलं. ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे, "आग बंद केली म्हंजे झालं असं न्हाय. लोखंड लई वेळ याद ठेवतंय." तेव्हा कुठे मी ओट्याला टेकून रडले. दिवसभर नुसती कामंच करत होते.

मातीला शंभरेक माणसं असतील. त्यातली निम्मी बॉयलरवरची. कुणी टॉवेलच्या गिरणीतला, कुणी सूत रंगवायच्या डाय हाउसमधला, दोघेतिघे तर श्रीपूर आणि माढ्याकडून साखर कारखान्यातून आलेले. प्रत्येक जण मल्लिनाथला न आलेल्यांची नावं सांगत होता... अमका ड्यूटीवर आहे, तमक्याचा रिलीव्हर आला नाही. बॉयलर सोडून यायचं नसतं. सोडून आला असता कुणी, तर अण्णांनी उठून त्याला झापलं असतं, याबद्दल तिथं कुणाला शंका नव्हती.

शिवमूर्ती अण्णा मूळचे अक्कलकोटकडच्या एका खेड्यातले. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही. वयाच्या अठराव्या वर्षी गिरणीत कोळसा ओढायला लागले आणि निवृत्त झाले ते बॉयलरचे फोरमन म्हणून. आता बॉयलर काही कुणीही चालवावा अशी गोष्ट नाही. त्याला सरकारी परीक्षा असते, ती पास झालं तर सर्टिफिकेट मिळतं, आणि ते नसेल तर कायद्यानं बॉयलरला हात लावता येत नाही. बरोबरच आहे म्हणा, फुटला तर अख्खी गिरणी जाते. पण त्या परीक्षेची पुस्तकं इंग्रजीत, प्रश्न इंग्रजीत, आणि आगीपुढे उभी राहणारी माणसं मात्र मराठी, कानडी, तेलुगू बोलणारी. अण्णांची रविवारची शिकवणी होती ती या माणसांसाठी. फी नाही. येताना स्वतःचा डबा आणायचा, एवढीच अट.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि त्या गल्लीत राहायला येऊन मला आठच दिवस झाले होते. रविवारची सकाळ, मी पेपर तपासायला बसलेली, आणि समोरच्या घरातून बाप्यांचा ओरडा सुरू, "मी पाणी हाय! मी पाणी हाय!" अर्धा तास ऐकलं, मग डोकं फिरलं. तरातरा गेले, दार उघडंच होतं, आत पाऊल टाकलं आणि खोलीच्या मधोमध चालत जाऊन म्हटलं, "काय लावलंय हे?" त्यावर कोपऱ्यातला एक काळा, किडकिडीत, कपाळभर विभूती लावलेला माणूस, म्हणजे अण्णाच, किंचाळला, "बाई! भट्टीत पाय!"

मी दचकून उडीच मारली. खाली बघते तर शहाबादी फरशीवर खोलीभर चित्र. निळ्या रेषा पाण्याच्या, तांबड्या वाफेच्या, मधे काळी भट्टी, आणि मी बरोबर भट्टीत उभी. सगळे खो खो हसायला लागले. अण्णांच्या बायकोनं, गौराक्कानं, मला हाताला धरून बाजूला घेतलं. "बर्री, कूड्री," म्हणजे या, बसा, म्हणत चहा दिला आणि सगळी कहाणी सांगितली. अण्णा आधी खडूनं चित्र काढायचे, ती पुसायची, पुढच्या रविवारी पुन्हा चित्र. शेवटी वैतागून तीच म्हणाली, काय ते एकदाच रंगवून टाका, माझी कंबर गेली. तेव्हापासून ऑइलपेंट. आणि त्या घराची रीत अशी, की खोलीत येणाऱ्यानं दाराशी काढलेल्या टाकीपासून सुरुवात करायची आणि पाणी जातं त्याच वाटेनं जायचं. टाकी, पंप, मग बॉयलर. गौराक्का चहाचा ट्रेसुद्धा तसाच गोल फिरवून आणायची. मी मात्र तेव्हाच ठरवलं, असल्या पोरकटपणात आपण पडायचं नाही. त्यानंतरची कितीतरी वर्षं मी त्या खोलीत सरळ मधूनच गेले, आणि दर वेळी अण्णा तसेच ओरडले. मी म्हणायचे, "अण्णा, मी शिक्षिका आहे, पाणी नाही." ते म्हणायचे, "तेच तर अवघड हाय बाई."

त्यांची शिकवायची पद्धत एवढीच. उमेदवाराला टाकीवर उभं करायचं आणि विचारायचं, "तू पाणी हायस. सांग, आता कुटं जाशील? तुला कोण अडवंल? तू कमी झालास तर कोण बोंबलंल?" तो बाप्या चालत चालत बोलायचा. ज्याची जी भाषा असेल तीत. एकजण तर निम्मं कानडी, निम्मं दखनी बोलायचा, अण्णांना दोन्ही चाले. चुकला की मागे टाकीपाशी. पूर्ण फेरी बिनचूक झाली की मगच अण्णा त्या त्या भागाचं इंग्रजी नाव सांगायचे, पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं. हे सगळं त्यांना सुचलं कारण ते स्वतः दोनदा नापास झाले होते. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या साहेबानं प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, चल, बॉयलर पेटवून दाखव. "त्या मानसानं मला बोलायला तोंड दिलं बाई," असं अण्णा दर वेळी सांगायचे.

मला ते पटायचं नाही. स्पष्टच सांगते, मला वाटायचं हे लाड आहेत. जग इंग्रजीत चाललंय, माणसं इंग्रजी शिकली पाहिजेत, तुम्ही त्यांना फरशीवर नाचवताय. यावरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची, आणि दर भांडणानंतर अर्ध्या तासानं गौराक्काकडून कडक भाकरी आणि शेंगाचटणीची वाटी माझ्या घरी यायची.

आणि मग आला नरसय्या.

नरसय्या विणकरांच्या घरातला, शहराच्या पूर्व भागातला. घरी तेलुगू, कामावर मोडकंतोडकं मराठी, आणि एरवी गप्प. माझ्याकडे तर मान वर करूनही बघायचा नाही. अठरा वर्षं बॉयलरवर, तीही सर्टिफिकेटवाल्याच्या हाताखाली. नाव त्याचं, काम याचं. एकदा तो सर्टिफिकेटवाला जेवायला गेलेला असताना बॉयलरच्या काचेत पाणी दिसेना. त्या काचेत पाणी दिसलंच पाहिजे, नाही दिसलं म्हणजे आतलं लोखंड कोरडं तापतंय. नरसय्यानं एकट्यानं आग ओढून बाहेर काढली, सगळं हळूहळू गार होऊ दिलं आणि गिरणी वाचवली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा होत्या त्याच्या. नव्या मॅनेजरला याचं काही नव्हतं. त्यानं सांगून टाकलं, दोन वर्षांच्या आत सर्टिफिकेट आण, नाहीतर गोडाउनमध्ये टॉवेलचे गठ्ठे उचलायला जा. नरसय्या आधी एकदा परीक्षेत एक शब्दही न बोलता नापास होऊन आलेला. त्याला गठ्ठ्यांची लाज नव्हती. तो अण्णांना एवढंच म्हणाला, "अण्णा, मी गेलो तर तिला कोन बगंल?" तिला म्हणजे बॉयलरला.

तेव्हा मी मध्ये पडले. अण्णा गौराक्काला घेऊन दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकले होते, तिचं शेवटचं दुखणं सुरू झालं होतं. मी म्हटलं, मी तयार करते नरसय्याला. कुठूनतरी प्रश्नांची जुनी यादी मिळवली. मला कुणीतरी सांगितलं होतं की साहेब दरवर्षी याच क्रमानं विचारतात. झालं! मी वीस उत्तरं देवनागरीत इंग्रजी लिहून काढली आणि शाळेतल्या पोरींकडून करून घेते तसं घोकून घेतलं. पहिला प्रश्न, पहिलं उत्तर. दुसरा प्रश्न, दुसरं उत्तर. नरसय्या बोटांची पेरं मोजत घडाघडा म्हणायचा. काय ऐट माझी! अण्णांना म्हटलं, बघा, तीन महिन्यांत इंग्रजी बोलायला लागला. अण्णांनी फक्त विचारलं, "आनि साहेबानं मदलं एक सोडलं तर?" मी म्हटलं, तुमचं काहीतरीच.

साहेबानं मधला चौथा प्रश्न सोडला. धुरांड्याचा होता, अगदी किरकोळ. आणि त्या क्षणापासून नरसय्याचं प्रत्येक उत्तर एकानं मागे पडलं. पेरं मोजत तो बोलत राहिला. वॉटर आणि बॉयलर हे शब्द सगळ्याच प्रश्नांत होते, त्यामुळे त्याला शंकाही आली नाही. साहेबानं विचारलं, काचेत पाणी अजिबात दिसत नाही, काय करशील? आणि नरसय्यानं खणखणीत आवाजात माझं सातव्या क्रमांकाचं उत्तर दिलं, जे पाणी थोडंसंच कमी झाल्यावरचं होतं... आग चालू ठेवावी, पंप सुरू करावा. तापून लाल झालेल्या लोखंडावर गार पाणी! तिथं बॉयलर फुटतो. ज्या एका प्रश्नाचं उत्तर त्यानं स्वतःचे हात भाजून दिलं होतं, त्याचं उत्तर त्याच्या तोंडून असं गेलं. साहेबानं नापास केलं ते योग्यच केलं. मीही केलं असतं.

मी आठ दिवस अण्णांच्या घराकडे फिरकले नाही. शेवटी तेच आले, दारात उभे राहून म्हणाले, "बाई, तुमचं इंग्रजी लई चांगलं हाय. पन बॉयलरला ते येत न्हाय, त्याला तुमी काय करनार?" ओरडले असते तर बरं झालं असतं. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. "एक अर्ज ल्ह्या. परीक्षा मराठीत घ्या म्हनून. आनि इंग्रजीत ल्ह्या." मी म्हटलं, "मराठीसाठी अर्ज इंग्रजीत?" तर म्हणाले, "हौदु, व्हय! जसं कुलूप तशी किल्ली." मी दोन पानं झकास लिहिली. त्यांनी मला ती मराठीत सांगायला लावली आणि एकेक वाक्य खोडत गेले. शेवटी तीन ओळी उरल्या. या माणसाला काम येतं. त्याला तुमची भाषा येत नाही. कृपया काम विचारा. अर्ज गेला. त्यानंतरच्या आठवड्यात गौराक्का गेली, आणि आम्ही अर्जाचं विसरूनही गेलो.

उत्तर आलं ते मराठीत. तोंडी परीक्षा उमेदवाराला समजेल अशा भाषेत घेण्यास हरकत नाही, गरज वाटल्यास भाषेच्या मदतीसाठी एक व्यक्ती सोबत बसू शकेल, मात्र ती बॉयलरच्या कामातली नसावी. म्हणजे इतकी वर्षं इंग्रजीची सक्ती अशी नव्हतीच! रीत पडली होती, आणि विचारायला कुणी गेलं नव्हतं. ज्यांना विचारायचं होतं त्यांना त्या दारात बोलता येत नव्हतं, आणि ज्यांना बोलता येत होतं त्या आमच्यासारख्यांना विचारावंसं वाटलं नव्हतं. अण्णांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि माझ्याकडे बघून हसले. "बॉयलरच्या कामातलं नसावं म्हनं. तुमच्याइतकं अडानी मानूस अजून कुटं मिळनार बाई? चला."

त्या दिवशी अण्णा बाहेर बाकावर बसले आणि मी नरसय्याच्या शेजारी आत. साहेब तेच, मागच्या वर्षीचे. त्यांनी मराठीत विचारायला सुरुवात केली आणि नरसय्या गप्प. एक प्रश्न, दोन प्रश्न... गप्पच. तिसऱ्या प्रश्नाला तो एकदम उठला, खिशातून खडू काढला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, खाली काडू का?" साहेबांनी मान हलवली. त्यानं त्या कार्यालयाच्या फरशीवर अण्णांचा बॉयलर काढला, टाकीवर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी पाणी हाय." मग जे बोलायला लागला! मराठी अडलं की तेलुगू, तेलुगू अडलं की हात. साहेब खुर्चीतून उठून त्याच्या मागे मागे चालायला लागले. काचेपाशी आल्यावर त्यांनी थांबवलं. "इथं पाणी दिसत नाही. काय करायचं?"

"आदी आग वडायची. हवा बंद. वाफ बंद. मग थांबायचं."

"पंप नाही सुरू करायचा?"

"अय्यो साहेब, फुटंल की! पंपाकडं बगायचं पन न्हाय!"

साहेबांनी कागद चाळला. "मग गेल्या वर्षी तुम्हीच तर म्हणाला होता, पंप सुरू करा म्हणून?"

नरसय्यानं मान खाली घातली. सांगितलं असतं त्यानं तर एका वाक्यात मोकळा झाला असता. त्यानं सांगितलं नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिथं भाषेच्या मदतीपलीकडे बोलायचं नव्हतं, पण मला राहवलं नाही. "साहेब, ते उत्तर माझं होतं. मी पाठ करून घेतलं होतं त्याच्याकडून. त्याचं उत्तर त्याच्या हातावर आहे, बाह्या वर करायला सांगा." आयुष्यात वर्गात कधी चूक कबूल केली नव्हती मी. तिथं केली, आणि बाहेर येऊन अण्णांना सांगताना मला हसू आणि रडू एकदमच आलं.

नरसय्या पास झाला. सर्टिफिकेट घेऊन तो आधी बॉयलरकडे गेला, मग घरी, मग अण्णांकडे. मॅनेजरकडे चौथ्या दिवशी. पेढ्यांऐवजी भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या पिशवीभर, आणि आम्ही तिघं ओट्यावर बसून टरफलांचा ढीग होईपर्यंत खात बसलो. अण्णांना एकच खंत होती, गौराक्कानं हे बघायला पाहिजे होतं. त्यानंतर अर्ज लिहायचं काम माझ्याकडेच लागलं. वायरमनच्या परवान्याला आलेला एक, गाडीच्या लायसनला अडलेली एक बाई, कोण कोण. तीन ओळींच्या वर अण्णा लिहू द्यायचे नाहीत.

शेवटची भेट ते गेले त्याच्या दोन दिवस आधीची. वर्तमानपत्र द्यायला गेले होते. खुर्चीत बसून डुलकी घेत होते. मी नेहमीसारखी मधून गेले. डोळे न उघडता पुटपुटले, "भट्टीत पाय." मी म्हटलं, "झोपा आता." एवढंच बोलणं झालं आमचं. चांगलं झालं, अजून काय हवं होतं?

परवा मल्लिनाथचा फोन आला. ती फरशी जुनी झाली, दोन ठिकाणी तडकली आहे, टाइल्स टाकायच्या होत्या. पण गवंडी माप घ्यायला आला आणि टेप घेऊन सरळ आत शिरला, तर मल्लिनाथच त्याला म्हणाला, "तसं न्हाय, हिकडून या." मग स्वतःच हसत सुटला आणि त्या खोलीचं काम रद्द करून टाकलं. फरशी आहे तशीच राहणार, आणि रविवारची शिकवणीही. त्यानं एवढं सांगितलं, कोण शिकवतंय ते काही मी विचारलं नाही.

म्हणून काल रविवारी एका वायरमनचा अर्ज घेऊन गेले. आत पाचसहा माणसं होती, टाकीवर एक नवा उमेदवार उभा. मी चपला काढल्या आणि सवयीनं मधूनच चालायला लागले. खोलीच्या मध्यावर पाय थबकला. ओरडायला आता कोण आहे, असं मनात आलं...

"बाई! भट्टीत पाय!"

नरसय्या होता. कोपऱ्यात, अण्णांच्या खुर्चीशेजारी उभा. ज्यानं इतक्या वर्षांत माझ्याकडे धड मान वर करून बघितलं नव्हतं, तो माझ्यावर ओरडला होता. स्वतःच घाबरला बिचारा, जीभ चावली, हात जोडायला लागला. मी त्याला हातानंच थांबवलं. मागे फिरले, दाराशी गेले आणि त्या नव्या माणसाला म्हटलं, जरा सरक रे बाबा, मलाही उभं राहू दे टाकीवर.